मस्तची गळती

जालन्यात कुंडलिका नदीच्या काठी एक गड आहे. त्याला चढ नाही. रिक्षा थेट दारापर्यंत जाते. नाव मस्तगड.

हे नाव दिवसभर लोकांच्या तोंडी असतं, पण त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांशी कुणी थांबत नाही. ती दोन अक्षरं तशी फार सैल हाताने खर्च होतात. जेवण मस्त, सिनेमा मस्त, हवा मस्त, तब्येत मस्त. एवढा चलनी शब्द नाहीसा होतोय असं म्हटलं तर लोक हसतील, आणि ते बरोबरच. शब्द शाबूत आहे. त्याच्या घरातलं सामान एकेक करून बाहेर चाललंय. त्या सामानाची ही मोजदाद.

गड

निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबिल खानाने १७२५ मध्ये जालन्याचा हा किल्ला बांधला, अशी गॅझेटियरची नोंद आहे. आखणी चौकोनी, कोपऱ्यांवर अर्धवर्तुळाकार बुरूज, साल सांगणारा फारसी शिलालेख, आत दालनं असलेली मोठी विहीर. जात भुईकोटाची. गड म्हटलं की मराठी कानाला राजगड, प्रतापगड ऐकू येतात आणि बसल्या जागी थोडा दम लागतो. इथे तसं काही नाही.

पुढे या वास्तूत नगरपालिकेची कचेरी आली. घरपट्टी, नळपट्टी, दाखले. २०२३ मध्ये जालन्याला महानगरपालिका झाली. फारसीत मस्त म्हणजे नशेत असलेला. पावती फाडायला आलेल्या माणसाला हे सांगण्याची पद्धत नाही.

यादी

याद्या करण्याची या जिल्ह्याची परंपरा जुनी आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. जन्म १६०८ चा. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खलक्षणांच्या यादीने होते, आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खांची वेगळी यादी येते. थट्टाविनोदाबद्दल समर्थांचं मत कडक होतं, तरी ती यादी वाचताना हसू येतंच.

फरक एवढाच की समर्थांनी ज्यांची यादी केली त्यांची टंचाई तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. खालची यादी संपत आलेल्या मालाची आहे.

घराणं

मद् या धातूपासून संस्कृतात मत्त झाला. तोच धातू इराणच्या बाजूला गेला तेव्हा तिथल्या उच्चाराच्या नियमाने 'त्त'च्या जागी 'स्त' आला आणि मस्त झाला. म्हणजे मत्त आणि मस्त चुलतभाऊ. तिसरा प्राकृताच्या पायवाटेने चालत मराठीच्या घरात आधीच येऊन बसला होता: माज. मदिरेच्या वाटेने, हत्तीच्या वाटेने, फौजेच्या वाटेने फारसी मस्त इकडे पोचला तेव्हा भावांनी एकमेकांना ओळखलं नाही. न ओळखता त्यांची गळाभेट झाली ती 'मदमस्त' या शब्दात. त्यात एकच धातू दोनदा आहे, पण कुणाला द्विरुक्ती वाटत नाही.

मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशात मस्त काढून बघितला तर आधी दारू भेटते, मग गर्व आणि माज. आज भावांच्या वाटण्या झाल्या आहेत. मत्त पोथीत गेला. माजाच्या वाट्याला शिव्या आल्या. मस्तला सगळं गोड गोड मिळालं, आणि धाकट्याला गोड मिळालं की होतं तसं झालं: दात गेले.

गंडस्थळ

हत्तीच्या डोळ्याच्या आणि कानाच्या मधली जागा. शाळेच्या संस्कृतात एकदा भेटणारा शब्द, नंतर आयुष्यात कामाला येत नाही.

तिथे कातडीखाली एक ग्रंथी असते. वयात आलेल्या नराला काही आठवडे, कधी काही महिने एक अवस्था येते. त्या काळात ग्रंथीतून दाट स्राव गालावरून ओघळतो. त्याला हत्तीचा मद गळणं म्हणतात. हत्ती माहुताला जुमानत नाही, साखळदंडाला हिसडे देतो, समोर येईल त्याच्यावर चालून जातो. माहूत त्याला बांधून ठेवतो आणि वाट बघतो. मद ओसरला की तोच हत्ती पुन्हा सोंडेने पैसे घ्यायला लागतो.

हिंदुस्थानीत या अवस्थेला मस्ती म्हणत. इंग्रजांनी मस्त हा शब्द उचलून आपल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत नेऊन ठेवला. तिथे तो आजही याच अर्थाने आहे. त्या पुस्तकात मस्त हत्ती दिसला तर वाचणारा मागे सरकतो. म्हणजे शब्दातला धोका इंग्रजीच्या वाट्याला गेला. आपल्याकडे उरलेला मिसळीला लागला.

हत्ती

धुळवडीला जालन्यात हत्ती रिसाला निघतो. निजामाच्या राजवटीत सुरू झालेली, शंभराहून जास्त वर्षांची मिरवणूक. रंगाने चेहरे पुसले गेलेली माणसं, वाद्यं, आणि त्या सगळ्यांच्या वर डुलणारा हत्ती. सावकार, हमाल, वकील सगळे एका रंगाचे. वर्षात एक दिवस शहराला थोडी मस्ती चढू द्यायची, आणि ती चढलीय हे सगळ्यांना लांबून दिसावं म्हणून मधोमध हत्ती.

जिवंत हत्तीच्या जागी आता प्रतिकृती आली. हत्तीच्या दृष्टीने हे फार चांगलं झालं. मिरवणुकीतून गेलं ते एवढंच: पूर्वी नाचणाऱ्याचा एक डोळा हत्तीवर असे. कितीही रंगात आला तरी पाय कुठे टाकायचा याचं भान त्याला ठेवावं लागे, कारण शेजारी एक खराखुरा मस्त होऊ शकणारा जीव चालत असे. प्रतिकृतीला गंडस्थळ रंगवता येतं. गळवता येत नाही.

रिसाला

घोडदळाची तुकडी. जालन्यात एके काळी मोठी लष्करी छावणी होती, तेव्हा हा शब्द रोजच्या पगारपत्रकातला. त्यावरून रिसालदार. आता वर्षातून एकदा, धुळवडीला, हत्तीला जोडून ऐकू येतो.

हत्ती रिसाला या नावात हत्ती आहे आणि घोडदळ आहे. एक प्रतिकृतीचा, दुसरं नावापुरतं. नाव दोघांनाही पाठीवर घेऊन चाललंय.

चढणे, उतरणे, जिरणे

या यादीतली सर्वांत महागाची वस्तू.

मस्ती नुसती नसायची. ती चढायची. अंगात यायची. मग उतरायची, आपणहून उतरली नाही तर कुणीतरी उतरवायचं. आणि शेवटी जिरायची. जिरणे हा पाण्याचा आणि अन्नाचा शब्द. पाऊस जमिनीत जिरतो, पुरणपोळी पोटात जिरते, तशी मस्ती माणसात जिरायची, म्हणजे फुकट जायची नाही. तिचं पुढे काहीतरी व्हायचं. गावातल्या तरण्या पोराची मस्ती जिरली असं म्हणायचे तेव्हा त्यात हिशेब मिटल्याचं समाधान असे. पोरगा आता कामाला लागेल, हेही त्यात आलं.

मस्तीला असा चढ, माथा आणि उतार होता. चढ आपला आपण. उतार बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातात: आईच्या, मास्तरांच्या, तालमीतल्या वस्तादाच्या, नाहीतर पावसाच्या.

आताच्या मस्तला क्रियापद लागत नाही. मस्त. झालं. चढण नाही, म्हणून उतारही नाही. वर्तमानपत्रांनी तेवढा एक जुना वापर सांभाळून ठेवला आहे, सत्तेची मस्ती. ती चढते आणि उतरते. उतरवणाऱ्याला मतदार म्हणतात.

मस्तीखोर

पोराला मस्ती आलीय हे ओळखण्याची खूण म्हणजे घरात अचानक झालेली शांतता. मग आतून प्रश्न यायचा, "लई मस्तीला आला काय रं? थांब, जिरविते तुझी." जिरवायचं साधन बहुतेक वेळा लाटणं, पण वापरलं जायचं क्वचित. दाखवलं की भागायचं.

प्रगतिपुस्तकात शेरा असायचा, वर्गात मस्ती करतो. वडील तो वाचून रागवायचे आणि आतून थोडे खूशही व्हायचे. पोरात रग आहे. आता तोच मुलगा फार ॲक्टिव्ह असतो. एनर्जी जास्त आहे, कुठल्या तरी क्लासला घाला. मंगळवारी-गुरुवारी तायक्वांदो, शनिवारी चित्रकला. मस्ती जिरत नाही, तिला फी लागते.

खोंड

गाईचा तरणा नर, अजून जुवाखाली न गेलेला. मस्ती हा शब्द माणसाइतकाच, कदाचित माणसाच्या आधी, त्याचा होता. खोंड मस्तीला आलं की दावं ताणतं, शिंगांनी माती उकरतं, दुसऱ्याच्या गव्हाणीत तोंड घालतं. मग वेसण टोचायची, ओढायला शिकवायचं. पण जाणता शेतकरी सगळी मस्ती काढत नसे. काढली तर बैल नुसता चालतो, ओढत नाही. किती ठेवायची आणि किती काढायची, हे माप कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ते हातात होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू वागवलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं. दुसऱ्या दिवशी झूल, शिंगांना बेगड, घुंगरमाळ, वेशीत मान. वर्षभर काढून घेतलेली मस्ती एक दिवस परत द्यायची. ट्रॅक्टरलाही आता पोळ्याला हार घालतात. तो तक्रार करत नाही.

शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या आणि २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने राज्याचा दुरुस्त कायदा मान्य केल्यावर त्यांच्यावरचं सावट गेलं. पट पुन्हा भरतात. शर्यतीच्या बैलाला खुराक असतो, मालिश असते, नाव असतं, व्हिडिओ असतो. तो नांगराला जात नाही. त्याच्या मस्तीची किंमत लाखांत होते, आणि नांगराचं काम ट्रॅक्टर करतो. दोन्ही कामं एकाच खांद्याला होती तेव्हाचा बैल या यादीत धरावा.

जलाली, जमाली

अहिल्यानगरजवळ अरणगावला मेहेरबाबांचं मेहेराबाद आहे. पुण्यात १८९४ साली जन्मलेले मेहेरबाबा १९४० च्या दशकात देशभर फिरून 'मस्त' शोधत. मस्त म्हणजे ईश्वराच्या नशेत देहभान गेलेला माणूस. कुणी स्टेशनाबाहेर, कुणी कबरस्तानात, कुणी उकिरड्यावर. रेल्वेने जायचं, टांग्याने जायचं, नाहीतर चालत. विल्यम डॉन्किन या डॉक्टर शिष्याने या भेटींची नोंद 'द वेफेअरर्स' या ग्रंथात करून ठेवली. तो १९४८ मध्ये निघाला. गाव, माणूस, त्याच्या सवयी, भेट कशी झाली. त्यात मस्तांची वर्गवारीही आहे: जलाली म्हणजे तापट, अंगावर धावून येणारा, जमाली म्हणजे शांत, गोड.

आज असा माणूस चौकात बसलेला दिसला तर त्याला वेडा म्हणतात. बोलणारा सभ्य असेल तर मनोरुग्ण. त्याला औषध मिळालं, अंगावर कपडे आले, तर ते चांगलंच. पण जुन्या भाषेत त्याच्यासाठी एक तिसरी जागा होती. 'मस्त आहे तो' असं म्हटलं की दुकानदार त्याला हाकलत नसे आणि पोरं दगड मारायची थांबत. बंडीतला हात बाहेर येई आणि त्यात अर्धी भाकरी असे. आता 'मस्त आहे तो' या वाक्याचा अर्थ तो दिसायला बरा आहे.

मस्तानी

पहिली, बाजीरावाची. दोघांचा मृत्यू १७४० सालचा, थोड्याच अंतराने. तिची कबर पाबळला आहे. नाव फारसी, त्यात झिंग होती, आणि त्या नावाने शनिवारवाडा अस्वस्थ झाला होता.

दुसरी, पेल्यातली. घट्ट दूध, वर आइस्क्रीम, त्यावर सुका मेवा. पुण्याला गेलेला जालन्याचा माणूस ती पिऊन येतो आणि घरी सांगतो, मस्तानी मस्त होती. या वाक्यात मस्त दोनदा येऊनही कुणी शुद्ध हरपत नाही.

मौज

अरबीत मौज म्हणजे लाट. समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या मराठवाड्यातही हा शब्द आला आणि राहिला. संस्कृतातून आलेली लहर म्हणजेही लाटच. आपण आनंदासाठी दोन भाषांतून दोन लाटा घेतल्या. ज्याने घेतल्या त्याला नक्की कळत असणार: लाट येते, अंगावरून जाते आणि ओसरते. लहर यायची. मौज वाटायची. 'वाटायची' हे क्रियापद महत्त्वाचं, कारण मौज करायची गोष्ट नव्हती. कावळ्याने चमचा पळवला, बाळ आरशाशी बोललं, नव्वदीच्या आजी विमानाला नमस्कार करताना दिसल्या, मौज वाटली.

आता मौज मजेला जोडून येते, सहलीच्या जाहिरातीत. एका प्रकाशनाच्या नावात तिची इभ्रत शाबूत आहे. जमिनीच्या कागदांत मौजे असं लिहिलेलं असतं, पण तो मौजा वेगळा, गाव या अर्थाचा. तलाठ्याच्या कचेरीत कुणाला मौज वाटल्याची नोंद नाही.

मजा

फारसीत मजा म्हणजे चव. भाजीत मजा नाही, हे वाक्य म्हणूनच सरळ बसतं. आजारपणातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला मजा नसते. हे रांधणाऱ्या बाईलाही समजायचं, वैद्यालाही समजायचं.

तिचं एक लेकरू होतं: मजेत. "कसं काय?" "मजेत." मराठवाड्यात त्याच्या जोडीला "निवांत" असे. निवांत म्हणणारा माणूस पारावर खरोखर बसलेला असे, पाय लांब करून, आणि विचारणाऱ्यालाही बसायला जागा करून देत असे.

खुशाल

"येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. आपली खुशाली कळवावी." पोस्टकार्डाच्या सुरुवातीला ठरलेली ओळ. खुश आणि हाल, चांगली अवस्था. पत्र लिहून देणारा मास्तर ही ओळ न विचारताच लिहून टाकायचा. मग विचारायचा, बोला, काय लिहू? मग कळायचं की म्हैस मेलीय, विहिरीचं पाणी गेलंय, धाकटीला ताप आहे. तरी वरची ओळ खोडायची नाही.

त्याचा दुसरा उपयोग परवानगीचा. "खुशाल जा." मोठ्या मनाने दिलेली मोकळीक. आता खुशाल बहुतेक तक्रारीत येतो: खुशाल खोटं बोलतो, खुशाल गाडी आडवी लावतो. चांगल्या अवस्थेचं निर्लज्जपणात रूपांतर व्हायला एवढं एक क्रियाविशेषण पुरलं.

हौस

भोकरदन तालुक्यात राजूरला गणपती आहे. अंगारकीला तिथे लोटणारी गर्दी बघितली की जुनी वाटणी आठवते: हवशे, नवशे, गवशे. कुणी हौसेने येतं, कुणी नवस फेडायला, कुणी काही गवसतंय का बघायला. जत्रा तिघांची मिळून होते.

हौसेचं क्रियापद फिटणे. कर्ज फिटतं, पांग फिटतात, तशी हौस फिटते. म्हणजे हौस हे स्वतःचं स्वतःला असलेलं देणं मानलं होतं. एकदा फेडलं की मोकळं. एक नथ, एकदा पंढरपूर, एकदा आगगाडीत खिडकीजवळची जागा. "माझी हौस फिटली," असं म्हणून बायका खरोखर थांबत. आता हौस फिटू देत नाहीत. तिला हप्ते बांधून देतात, आणि कर्ज फिटायच्या आधी दुसरी हौस दारात उभी असते.

मुबलक

मस्तचा एक अर्थ शेतात राहायला होता: भरपूर. मस्त पाऊस झाला म्हणजे छान पाऊस झाला असं नाही. ओढे फुटले, बांध गेले, चपला चिखलात राहिल्या. मस्त पिकलं म्हणजे पोती कमी पडली. घागर भरून वाहते तो क्षण. हत्तीच्या गालावरून जे वाहतं त्याचीच ही शेतातली बहीण.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला. शहरात टँकरच्या वेळेवर झोपेच्या वेळा ठरू लागल्या. निजामाच्या काळातल्या घाणेवाडीच्या तलावातला गाळ लोकांनी उपसला. त्या वर्षी धुळवडीला कोरडा रंग होता, आणि अंगाला लागलेला रंग धुवायला पाणी मोजून होतं. मस्त हा शब्द पाण्याला लागेना.

भिंतींवर मात्र सरकारी घोषणा होती, पाणी अडवा, पाणी जिरवा. मस्तीकडून सुटलेलं क्रियापद तेवढं तिथे शासकीय सेवेत रुजू झालेलं दिसलं. जिरवायला आधी वाहायला हवं, हे घोषणेला आणि मस्तीला सारखंच लागू आहे.

दुःखी

राय हरिश्चंद्र साहनी हे जालन्याचे कवी. त्यांनी घेतलेलं टोपणनाव 'दुःखी'. त्यांच्या नावाने कवितेचा पुरस्कार दिला जातो. मिळालेल्या कवीचं अभिनंदन करताना दुःखी पुरस्काराबद्दल आनंद झाला असं म्हणावं लागतं, आणि जालन्याबाहेरचा माणूस तिथे अडखळतो.

जालन्यात दुःखीनगर नावाची वस्तीही आहे. म्हणजे एकाच शहरात मस्तगड आणि दुःखीनगर, मध्ये थोड्या मिनिटांचा रस्ता. लोक दोन्हींकडे राहतात, एकीकडून दुसरीकडे जातात, आणि भाडं घासाघीस करून ठरवतात. शहराने दोन्ही नावं ठेवली, एकासाठी दुसरं पुसलं नाही. ही वस्तू यादीत चुकून आली; ती अजून गेलेली नाही.

उत्तर

"कसा आहेस?"

"मस्त."

पूर्वी "बरं आहे" असं म्हटलं की समोरचा थबकायचा. आवाज ऐकायचा. बरं म्हणजे किती बरं, ते ठरवायचा. "का रे, काय झालं?" मग ओट्यावर बसायचं, चहा यायचा, खरं काय ते निघायचं. मजेतला 'जे' किती लांबतोय त्यावरून घरची परिस्थिती कळायची. खुशालखाली म्हैस मेलेली असायची, पण ओळ वाचणाऱ्याला खाली वाचायची सवय होती.

मस्तला खालची ओळ नाही. त्याच्यापुढे आता उभा अंगठा येतो, पिवळा, आणि बोलणं मिटतं. जन्माला मस्त, बारशाला मस्त, नव्या गाडीला मस्त, आणि एकदा घाईत, कुणाच्या तरी दहाव्याच्या निरोपालाही अंगठा गेलेला बघितला आहे. पाठवणाऱ्याने नंतर पुसला. पुसल्याची खूण राहिली.

उरलेलं

मोजदाद संपली की शेवटी शिल्लक लिहायची असते.

जालन्याच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाले ओरडत असतात. मस्तगड, मस्तगड, मस्तगड. तीन माणसं मागे, एक पुढे, मांडीवर पिशव्या. कुंडलिकेवरून जाताना सगळे एका बाजूला कलतात आणि परत सरळ होतात. कुणी फोनवर कुणाला तरी मस्त म्हणत असतं.

मग रिक्षा थांबते. चालक मागे न बघता म्हणतो,

"मस्तगड आलं. उतरा."